तेरावं बोट

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरच्या डिंगबोचे गावातल्या एका लॉजवरची संध्याकाळ. समोरच्या अमा दब्लम शिखरावरचं शेवटचं ऊन विझलं होतं आणि साहुनीने, म्हणजे लॉजच्या मालकिणीने, जेवणाच्या खोलीतल्या लोखंडी शेगडीत नुकत्याच याकच्या गोवऱ्या सरकवल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत आलेला बारा जणांचा मराठी ग्रुप शेगडीला खेटून बसला होता. टेबलावर घरून आणलेल्या चकल्या आणि चिवड्याची पिशवी. गाईडने जॅकेटच्या खिशातून ऑक्सिमीटर काढला आणि रोजच्यासारखा एकेकाच्या बोटाला लावत तो टेबलाभोवती फिरला. ८६, ८४, ९०. आकडे छोट्या वहीत उतरत गेले. एकाचे ७९ आले तेव्हा बाकीचे ओरडले, "काठावर पास!" बारावं बोट झालं, यंत्र खिशात गेलं आणि गाईड जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागला. स्वयंपाकघराच्या दाराशी बाकावर सहा पोर्टर बसले होते. त्यांतला सगळ्यात लहान, विशीचा असेल नसेल, तळहातावर कपाळ टेकून बसला होता. गाईडने जाता जाता विचारलं, "के छ, भाइ?" त्याने डोकं उचललं. "ठिक छ, दाइ."

पुढे काहीही झालं नाही.

मधला विश्रांतीचा दिवस गेला, आणि परवा सकाळी तो पोरगा आपल्या वाट्याच्या दोन बॅगा पाठीवर घेऊन पुढच्या मुक्कामाच्या, लोबुचेच्या वाटेला लागला. ना कुणी कोसळलं, ना हेलिकॉप्टर आलं. काही घडलं असतं तर त्याची बातमी झाली असती, चर्चा झाली असती, कुणाला तरी दोष देऊन मोकळं होता आलं असतं. तसं काही नाही, म्हणूनच ते तेरावं बोट डोक्यातून जात नाही. यंत्र होतं, बॅटरी होती, गाईड भला होता, आणि बाक टेबलापासून चार पावलांवर होता.

या यंत्राबद्दल आधी थोडं, कारण त्याच्याबद्दलचे गैरसमज आता डोंगराएवढे झालेत. ते बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन बसलाय याचा अंदाज बांधतं. बोट गार असेल तर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि आकडा एक तर येतच नाही किंवा भलताच येतो. गडद नेलपॉलिशनेही फसतं. चालून आल्या आल्या लावलं तर उपयोग नाही. पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, हात चोळून किंवा कपाला धरून गरम करायचा, मग लावून मिनिटभर थांबायचं आणि आकडा जिथे स्थिरावेल तो घ्यायचा. डिंगबोचेच्या ४,४१० मीटरवर चांगल्या माणसाचाही आकडा ८० ते ९०च्या मध्ये कुठेतरी असतो. मुंबईत हाच आकडा दिसला तर घरचे रिक्षा शोधायला धावतील. पण ७९वाला माणूस जर भाताची दुसरी वाढ मागत असेल तर गाईड निवांत असतो, आणि ८७वाला ताट पुढे सरकवून "नको, भूक नाही" म्हणाला की त्याचे कान टवकारतात. जाणत्या गाईडला यंत्र हवं असतं ते प्रत्येकासमोर अर्धा मिनिट बसायला मिळावं म्हणून. बोट यंत्रात असतं आणि डोळे तोंडावर: ओठ निळसर आहेत का, पापण्या सुजल्यात का, बोलताना वाक्य मध्येच तुटतं का, काल बडबडणारा आज गप्प का.

विरळ हवेच्या आजाराची पहिली खूण डोकेदुखी, हे सगळ्यांना पाठ असतं. भूक जाणं, मळमळ, अंग टाकून द्यावंसं वाटणं, या खुणा माणसं प्रवासाच्या शिणावर ढकलतात. म्हणून मुरलेला गाईड जेवण स्वतः वाढतो, आणि वाढण्यापेक्षा उचलताना जास्त बघतो. डाळभाताच्या कुठल्या ताटात किती उरलं, हे त्याच्या त्या वहीपेक्षा खात्रीचं असतं. ऑर्डरी तो आधीच घेतो कारण लॉजच्या चुलीवर बारा माणसांचे बारा पदार्थ करायला दीड-दोन तास जातात. सगळ्यांनी एक-दोन पदार्थांवर एकमत केलं तर सगळे गरम जेवतात आणि वेळेवर झोपतात. वाटेतल्या नामचे या बाजारगावाच्या वर मटण-चिकनच्या नादी लागू नका असं तो सांगतो तेव्हा त्यात धर्म कमी आणि पोटाची काळजी जास्त असते. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टखालच्या या सगळ्या भागात, प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं, आणि वाटेत फ्रिज नसतो.

आता आपल्याकडच्या माणसांचं. सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर दमाने पक्का असतो. पहाटे कळसूबाई करून दुपारच्या पिठल्या-भाकरीला खाली येणारा, सिंहगड पाठीवर वजन घेऊन आठवड्यातून तीनदा चढणारा. त्याची पायांची तयारी खोटी नसते. अडचण वेगाची असते. कळसूबाई १,६४६ मीटर, नामचे ३,४४०. जिथे आपला डोंगर संपतो त्याच्या दुप्पट उंचीवर इथला मुक्काम, आणि दमदार माणसाला ही हवा सूट देत नाही. उलट तोच चढावर पुढे निघतो, पहिला पोचतो आणि रात्री डोकं धरून बसतो. गाईड मागून ओरडत असतो, "बिस्तारै, बिस्तारै." चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, एवढाच वेग. आणि रात्री विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, ऊन लागलंय. पाणी कमी पडलं." साठ-सत्तर हजार खर्चून, वर्षाची रजा जमवून आलेला माणूस डोकं दुखतंय हे कबूल करायला तयार नसतो, कारण कबुलीच्या पलीकडे उतार दिसत असतो.

गाईडला हे खोटं ओळखीचं आहे. सगळी व्यवस्थाच त्या खोट्याभोवती बांधलेली आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस त्याच गावात थांबायचं. म्हणून नामचेत दोन रात्री, डिंगबोचेत दोन रात्री. थांबण्याचा दिवस लोळण्याचा नसतो. डिंगबोचेवरच्या नागार्जुनच्या धारेवर तीनचारशे मीटर चढायचं, तासभर बसायचं आणि परत खाली येऊन झोपायचं. टेंगबोचेहून डिंगबोचे साधारण ५५० मीटर वर, डिंगबोचेहून लोबुचे ५००, म्हणजे नियमाच्या कडेकडेने, कुठे किंचित पलीकडून चाललेला हिशेब. "बारा दिवसांत बेस कॅम्प" करणारी जी पॅकेजेस आणखी एक-दोन दिवस वाचवून दाखवतात, ती बहुतेक वेळा डिंगबोचेची दुसरी रात्रच कापतात. ती रात्र सोडून बाकी काहीही कापा. उंचीची सवय लवकर व्हावी म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी सुरू असेल तर १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. बोटांना मुंग्या येतात, रात्री लघवीला उठावं लागतं, सोड्याची चव मचूळ लागते, हे सगळं गोळी काम करत असल्याचं. पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि गोळी घेतली म्हणून चढ वाढवायचा नाही.

एवढी सगळी जागरूकता टेबलाच्या एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला बाक. नेपाळीत पाठीवरच्या निमुळत्या बुडाच्या टोपलीला डोको म्हणतात. मराठी कानाला तो शब्द थेट डोक्यापर्यंत नेतो, आणि तसंही त्या टोपलीचं सगळं वजन डोक्यावरच्या पट्ट्याने तोललेलं असतं. तो पट्टा म्हणजे नाम्लो. तो कपाळावर नाही, टाळूच्या किंचित पुढे बसतो, म्हणजे वजन मानेतून सरळ कण्यात उतरतं. हातात टोक्मा, इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी. चढावर थांबायचं झालं की ती मागे डोकोखाली टेकवायची आणि उभ्या उभ्या दम खायचा. बसलं तर ओझं घेऊन परत उठणं कठीण. ट्रेकरांच्या डफल बॅगांना बहुतेक वेळा डोको लागतच नाही, दोन बॅगा दोरीने एकमेकींना बांधून त्यावर थेट नाम्लो टाकतात. दोन माणसांमागे एक पोर्टर, म्हणजे दर माणशी १२-१३ किलो, वर त्याचं स्वतःचं सामान. तीस किलोला थांबायचं अशी शिस्त चांगल्या संस्था पाळतात. खुंबूत दुकानांचा माल वाहणारे याहून कितीतरी जास्त नेतात. नामचेच्या बाजाराला निघालेल्या पोर्टरांचं वजन करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांच्या पाठीवर सरासरी त्यांच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं निघालं. ते कसं जमतं? अगदी हळू चालून आणि घडोघडी थांबून. "बिस्तारै" हा शब्द आपल्याला ऐकवणारे तो स्वतः जगत असतात.

(फराळाचा डबा कुणाच्या पाठीवरून आला, हा प्रश्न त्या टेबलावर कुणाला पडला नव्हता. दोन किलो चकली-चिवडा, जीन्सच्या दोन पँटी, केस वाळवायचं यंत्र. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात १५ किलोची मर्यादा असते म्हणून तिथे बॅग तपासली जाते. पाठीला तसा काटा नसतो.)

आणि हे पोर्टर शेर्पा आहेत असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. गाईड बऱ्याचदा असतो. तो खुंबूचा, पासांग किंवा मिंग्मा अशा वाराच्या नावाचा. शुक्रवारी जन्मला तो पासांग, मंगळवारी जन्मला तो मिंग्मा. त्याचं रक्तही वेगळं. तिबेटी लोकांच्या जनुकांवरचे अभ्यास २०१० मध्ये आले, त्यांत विरळ हवेत हिमोग्लोबिन बेसुमार वाढू न देणारं एका जनुकाचं खास रूप सापडलं, आणि ते शेर्पांमध्येही आहे. पण बाकावरचे सहा जण राई, तामाङ, मगर जमातींचे. पूर्व नेपाळातल्या खोटाङ, भोजपूर, ओखलढुंगा इथल्या गावांचे, आणि यांतली कित्येक गावं महाबळेश्वराएवढ्याच उंचीवर. भात-मका पिकवणारी माणसं कापणी उरकून हंगामाला वर येतात. विरळ हवेच्या हिशेबात ती जवळपास आपल्याच रांगेत. पुण्याहून आलेला आयटीवाला आणि खोटाङहून आलेला पोर्टर यांच्या रक्तात लोबुचेला पोचताना फार फरक नसतो. फरक पाठीवर असतो, आणि पायांत. एकाचे बूट पंधरा हजारांचे.

त्या पोराचं "ठिक छ" आणि आपल्या माणसाचं "ऊन लागलंय" ही एकाच डोकेदुखीची दोन खोटी. आपलं खोटं शिखरासाठी. त्याचं रोजासाठी. त्याची मजुरी दिवसावर असते, आजारी पडून खाली गेला की दिवस बंद, आणि पुढच्या खेपेला नाव यादीत राहील याची खात्री नाही. शिवाय ग्राहकांसमोर डोकं धरून बसलेला पोर्टर गाईडलाही नको असतो. आपलं खोटं शोधून काढायला यंत्र, वही, ताट, सगळं आहे. त्याचं खोटं कुणी शोधत नाही, आणि सापडतं तेव्हा कधीकधी चुकीचं सापडतं. मेंदूला सूज यायला लागली की माणूस अडखळतो, तोल जातो, बरळतो. ट्रेकर असा चालला तर लगेच त्याला फळीच्या रेषेवर टाचेला बोट लावत चालायला सांगतात आणि दोन-तीन मीटरमध्ये पाय बाहेर पडला तर त्याच रात्री मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन देऊन, विजेऱ्या लावून खाली निघतात. हेलिकॉप्टर रात्री येत नाही. पोर्टर असा चालला तर पहिला विचार येतो, रक्सी, म्हणजे गावठी दारू, जास्त झाली. "झोपू दे, सकाळी उतरेल." ती सकाळ काहींच्या वाट्याला आलेली नाही.

दुसरी जुनी चूक आजारी पोर्टरला एकट्याला खाली धाडण्याची. दिवसभर उतरला की बरा होईल, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पाचसातशे मीटर उतरणं हेच खरं औषध. पण तोल गेलेला माणूस एकटा लोबुचेहून खाली फेरिचे गावाकडे जाणाऱ्या थुक्लाच्या उतारावर सोडायचा कसा? त्याच्याबरोबर त्याची भाषा बोलणारा एक माणूस हवा, अंगावर उबदार कपडे हवेत, खिशात तोवरची मजुरी आणि दवाखान्याचे पैसे हवेत, आणि फेरिचेला पोचल्याचा निरोप वर यायला हवा. फेरिचेत १९७३ पासून काम करणाऱ्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी तीनला उंचीच्या आजारावर बोलतात. ऐकायला ट्रेकर जातात, पोर्टर सहसा जात नाहीत, त्यांची त्या वेळी वाटेवर किंवा भांड्यांजवळ गरज असते. पोर्टरांच्या हक्कांसाठी इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप १९९७ मध्ये उभा राहिला. त्यांचं मागणं फार मोठं नाही: उंचीला पुरतील असे कपडे, रात्री निवारा, ट्रेकरला मिळतात तेच उपचार, विमा, आजाऱ्याला एकटं न सोडणं आणि झेपेल एवढंच ओझं. इतकी साधी गोष्ट यादी करून मागावी लागते, याचं वाईट वाटावं की यादी तरी झाली याचं बरं वाटावं, ठरवता येत नाही.

गाईडला यात खलनायक करणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. तो दोन्हीकडून दाबला गेलेला असतो. बुकिंग करणारी कंपनी भाव पाडते, मधली काठमांडूची संस्था आपला हिस्सा ठेवते, आणि उरलेल्यात पोर्टरची मजुरी, जेवण, विमा बसवायचं गाईडने. तुम्ही ज्या लॉजवर झोपता तिथेच जेवा असा त्याचा आग्रह असतो, कारण खोलीचं भाडं नावापुरतं असतं आणि लॉजवाली जगते ती जेवणावर. गाईडचं जेवण, निजणं त्याच हिशेबात सांभाळलं जातं. गर्दीच्या दिवसांत गाईड आणि पोर्टर जेवणाच्या खोलीतल्या बाकांवरच झोपतात, आपण तिथून उठून गेल्यावर. आपला पत्त्यांचा डाव रंगला आणि दहा वाजले, तर पहाटे साडेचारला उठून पाणी तापवणारी माणसं तोवर भिंतीला टेकून ताटकळत असतात. कुणी सांगत नाही. हसतात. गाईडलाही खोकला असतो, त्याचीही झोप होत नसते, हंगामात तो ही वाट पाच-सहा वेळा करतो. आणि या धंद्यात लबाडही आहेतच: साध्या डोकेदुखीला हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे वाटून घेण्याचे प्रकार इतके झाले की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली. त्यामुळे आता खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने बघितलं जातं.

पैसे भरण्याआधी आपल्याकडचे लोक काय विचारतात? खोलीला जोडून संडास आहे का. वायफाय कुठपर्यंत. जैन जेवण मिळेल का. हे विचारायला हवंच. त्याच फोनवर आणखी अर्धा मिनिट लागतं: पोर्टरला किती किलो, त्याचा विमा उतरवलाय का, वर त्याला झोपायला जागा कुठे, आजारी पडला तर बरोबर कोण जाणार आणि त्याची मजुरी चालू राहणार का. उत्तराला अडखळणाऱ्या माणसाकडे बुकिंग करू नये. भाव दोनतीन हजारांनी कमी असेल तर ते हजार कुणाच्या पाठीवरून काढलेत हे समजून घ्यावं. आणि बक्षिसी द्यायची ती शेवटच्या संध्याकाळी लुक्लात, प्रत्येकाच्या हातात वेगळं पाकीट देऊन. एकगठ्ठा दिली की ती वरून खाली येता येता विरळ होते, हवेच्या उलट.

लोबुचेत त्या संध्याकाळी वारा होता आणि शेगडी उशिरा पेटली. ऑक्सिमीटर नेहमीप्रमाणे फिरला, आकडे खाली आले होते, थट्टा कमी झाली होती. बारावं बोट झाल्यावर गाईड यंत्र बंद करणार, तेवढ्यात परवाच्या ७९वाल्याने ते त्याच्या हातातून घेतलं. आज त्याचे ७७ होते आणि त्याने आदल्या रात्रीचा भात अर्धा टाकला होता. तो उठून बाकाशी गेला, हिंदीत काहीतरी म्हणाला आणि पोरासमोर बसला. पोराने आधी गाईडकडे बघितलं. मग हात पुढे केला, नाम्लोच्या दोराने घट्टे पडलेला, नखांत काळं. यंत्रावर दोन आडव्या रेघा आल्या. पुन्हा लावलं, पुन्हा रेघा. "चिसो," गाईड म्हणाला. गार आहे. त्याने आपल्या चहाचा मग पोराच्या दोन्ही हातांत दिला आणि शेजारी बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाचे दोघं हसत आपापले तळवे काखेत घालून गरम करायला लागले. टेबलाकडून कुणीतरी ओरडलं, "काय रे, जेवण थंड होतंय." ७९वाला तिथेच बसून राहिला. गाईडने वही काढली, तेरावा क्रमांक घातला, पुढे नाव लिहिलं आणि आकड्याची जागा मोकळी ठेवून मगमधली वाफ कमी व्हायची वाट बघत राहिला.